देव म्हणाला की देव म्हणाले?

"पाळकसाहेब म्हणाले, की येशू म्हणाला..." नगर जिल्ह्यातल्या एखाद्या मंडळीत रविवारची उपासना सुटल्यावर ओट्यापाशी घुटमळलं, तर असं एखादं वाक्य कानावर पडायला फार वेळ लागत नाही. वाक्य एक, बोलणारे दोन. पाळकांना 'म्हणाले', येशूला 'म्हणाला'. ज्याला मंडळी पगार देते त्याला बहुवचन, आणि ज्याच्या नावाने मंडळी भरते त्याला एकवचन. सांगणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

पण काहींना आता ते खटकू लागलं आहे. त्यांची तक्रार सरळ आहे. महाराष्ट्रात थोरांचं नाव एकेरीत घेण्याचे दिवस गेले. मुंबईच्या टर्मिनसच्या नावात छत्रपती होतेच, शिवाजीही होतेच. तरी २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द रीतसर घालावा लागला. शिर्डी याच जिल्ह्यातली. तिथे 'साईबाबा म्हणाला' असं बोलून पाहावं, शेजारचा माणूस वळून बघतो. मग ख्रिस्ती माणसानेच आपल्या प्रभूला अरे-तुरे का करावं? 'येशू म्हणाले', 'देवांनी दिलं', 'हे प्रभू, आपण कृपा करा' असं बोलायला आणि छापायला काय हरकत आहे? आणि हरकत घेतलीच, तर उत्तर तयार असतं: शेवटी शब्दच ते, भाव महत्त्वाचा.

हे शेवटचं वाक्य आधी निकालात काढायला हवं, कारण ते तक्रारीच्याच मुळावर येतं. शब्दांनी काही बिघडत नसेल, तर 'म्हणाला'ने तरी काय बिघडलं होतं? बिघडतं, म्हणून तर तक्रार आहे. तेव्हा शब्दाला वजन असतं हे दोन्ही बाजूंना मान्य आहे असं धरून, ते वजन नेमकं कुठे पडतं एवढंच पाहायचं.

ते पडतं एका टिंबावर. 'देव' हा मराठी शब्द मोठा फसवा आहे. एक देव, दोन देव, तेहेतीस कोटी देव. शब्द बदलत नाही. केस, दगड, पाय यांच्यासारखाच तो एकवचनात आणि अनेकवचनात सारखा राहतो. देव एक की अनेक, हे नाम सांगत नाही, क्रियापद सांगतं: देव आला, देव आले. विभक्ती लागली की फरक आणखी बारीक होतो. 'देवाचा' आणि 'देवांचा' यांत अंतर किती? अनुस्वाराएवढं. मराठी आदरार्थी बहुवचन हे रूपाने निव्वळ बहुवचनच असतं, त्याला वेगळं चिन्ह नाही. म्हणून आदरापोटी 'देवांचं वचन' असं लिहिलं, की वाचणारा विचारणार, कोणकोणत्या देवांचं? ज्या गावात वेशीवर मारुती, शिवारात म्हसोबा आणि डोंगरावर खंडोबा आहे, त्या गावात हा प्रश्न व्याकरणाच्या तासातला राहत नाही. एकच देव आहे असं सांगायला निघालेल्या माणसाचं सगळं म्हणणं त्या एका टिंबाने पुसलं जातं.

गंमत अशी, की मूळ हिब्रूतही नेमका हाच पेच आहे. तिथे देवासाठी जो 'एलोहीम' शब्द येतो, त्याचं रूप अनेकवचनी आहे. इतर राष्ट्रांच्या अनेक देवांबद्दल बोलतानाही तोच शब्द वापरला जातो. पण उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात त्याच्या जोडीला जे क्रियापद येतं ते 'बारा', म्हणजे निर्माण केलं, आणि ते एकवचनी आहे. (मराठी कानाला 'बारा' ही संख्या ऐकू येते, हा वेगळाच घोटाळा.) नाम अनेकवचनी रूपाचं आणि क्रियापद एकवचनी: ही जोडी त्या पहिल्या वाक्यापासून पुढे पुन्हा पुन्हा येते, आणि इस्राएलाचा देव एक आहे हे ती व्याकरणातूनच सांगत राहते. मराठीत 'देव म्हणाला' असं लिहिणाऱ्यांनी तीच जोडी मराठीत बसवली. ते त्यांनी ठरवून केलं की मराठीच्या अंगच्या वळणाने आपोआप झालं, यावर वाद घालता येईल. पण जे झालं ते चोख झालं.

कारण मराठीचं वळणही तेच होतं. राम वनात गेला. कृष्णाने लोणी चोरलं. देव पावला, देव जाणे, देव तारी त्याला कोण मारी. इथे कोणी बहुवचन लावत नाही आणि त्यामुळे कोणाची भक्तीही उणी पडत नाही. जनाबाई विठोबाशी भांडते ती एकेरीतच. आदरार्थी बहुवचन मराठी माणसाने राखून ठेवलं ते माणसांसाठी: गुरुजी, मामलेदार, सासरे, पाहुणे, आणि बाबा-महाराज. साईबाबांना ते मिळतं, कारण ते शिर्डीच्या रस्त्यांनी भिक्षा मागत फिरलेले, लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले बाबा होते. विठोबाला ते मिळत नाही. आज देवांनाही 'म्हणाले' लावण्याची जी नवी सवय दिसते, 'प्रभू श्रीराम म्हणाले' वगैरे, तिच्यात मराठी वळणापेक्षा हिंदी मालिकांचा हात जास्त असावा. ख्रिस्ती मंडळींनी तिच्यामागे धावायचं, तर ते आदर वाढवत नाहीत, फक्त वाहिनी बदलतात.

देवाचं ठीक आहे, पण येशूचं काय, असा पुढचा प्रश्न येतो. 'येशूंनी' म्हटल्याने अनेक येशू झाले असं कोणालाच वाटणार नाही. हे खरं आहे. पण इथे दुसरा खड्डा आहे, आणि तो अधिक खोल आहे. बाप एकवचनात ठेवायचा आणि पुत्राला बहुवचन द्यायचं, म्हणजे 'देव म्हणाला' आणि 'येशू म्हणाले', तर ऐकणाऱ्याच्या मनात दोघांची बैठकच वेगळी होते. एक देवांच्या रांगेत बसतो, दुसरा थोर पुरुषांच्या. बुद्ध म्हणाले, गांधीजी म्हणाले, येशू म्हणाले. मंडळी विश्वासांगीकारात ज्याला देवाचा पुत्र, बापाशी एकरूप म्हणते, त्याला व्याकरणाने महात्म्यांच्या फोटोंच्या ओळीत टांगून ठेवलं. चौथ्या शतकात 'होमोऊसिओस' आणि 'होमोइऊसिओस' या दोन ग्रीक शब्दांवरून ख्रिस्ती जग दुभंगलं होतं. एकाचा अर्थ त्याच तत्त्वाचा, दुसऱ्याचा तशाच तत्त्वाचा. फरक एका 'इ'चा होता. त्यावर हसणारे पुष्कळ झाले, पण त्या 'इ'त जे होतं तेच 'म्हणाला' आणि 'म्हणाले'च्या मात्रेत आहे. आणि पवित्र आत्म्याचं काय करणार? 'पवित्र आत्मा आले' असं एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.

मराठी शुभवर्तमानं लिहिणाऱ्यांना आदर ठाऊक नव्हता असं मात्र कोणी समजू नये. मूळ ग्रीकमध्ये तू आणि तुम्ही असा आदराचा भेद नाहीच. एका माणसाशी बोलताना एकच सर्वनाम, मग समोर राजा असो की नोकर. त्यामुळे मराठीत कोण कोणाला काय म्हणणार हे प्रत्येक संवादात भाषांतरकारालाच ठरवावं लागतं. मंडळ्यांमध्ये आज वाचलं जाणारं 'पवित्र शास्त्र' उघडून पाहिलं, तर हे काम किती बारकाईने झालं आहे ते कळतं. रात्री गुपचूप भेटायला आलेला निकदेम येशूला 'आपण' म्हणतो. विहिरीवरची शोमरोनी बाई त्याला 'महाराज' म्हणते. शेजारच्या वधस्तंभावर टांगलेला गुन्हेगार 'अहो' अशी हाक मारतो. माणसं माणसाला जो आदर देतात, तो इथे पुरेपूर आहे. पण निवेदक मात्र शांतपणे 'येशू म्हणाला' एवढंच लिहितो. पात्रांना समोर एक गुरू दिसतो आहे. हा देव आहे हे निवेदकाला ठाऊक आहे. एकाच पानावर 'आपण' आणि 'म्हणाला' शेजारी शेजारी नांदतात ते या कारणाने. सरसकट बहुवचन लावलं, तर हा सगळा बारकावा एका फटक्यात सपाट होईल.

आणि तो येशू स्वतः प्रार्थना करतो तेव्हा बापाला 'तू' म्हणतो. हे 'तू' मराठी घरात ऐकणाऱ्यावर काय परिणाम करतं, याचा विचार व्हायला हवा. पिढ्यान् पिढ्या बहुतेक मराठी घरांत वडिलांना 'तुम्ही' म्हटलं गेलं. दादा, आबा, अण्णा घरात आले की पोरं ओसरीवरून उठायची. आईला 'तू'. तिच्याशी भांडता येतं, तिच्याकडे हट्ट धरता येतो. आता प्रभूची प्रार्थना घ्या. त्यात देवाला पिता म्हटलं आहे आणि 'तू' म्हटलं आहे. संबोधन वडिलांचं आणि सर्वनाम आईचं. इंग्रजीत ही गोष्ट घडूच शकत नाही, कारण तिथे आता दोघांनाही एकच सर्वनाम. ग्रीकमध्येही घडत नाही. हे मराठीने आपल्या पदरचं घातलं. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी येशूच्या 'अब्बा' या अरामी हाकेत लहान मुलाच्या बोलण्याची जवळीक शोधली, आणि १९८८ साली जेम्स बार यांनी ते मत खोडून काढताना दाखवलं, की मोठी माणसंही तो शब्द वापरत. त्या वादात कोणाचं पारडं जड हे विद्वानांनी पाहावं. मराठी मंडळीला त्या जवळिकीसाठी अरामी कोश उघडावा लागला नाही, ती 'तू'मध्ये होती.

याउलट ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांनी ती उशिरा का होईना मिळवली. फ्रेंच कॅथलिक शतकानुशतकं प्रभूच्या प्रार्थनेत देवाला 'वू', म्हणजे 'आपण' म्हणत होते. १९६६ साली त्यांनी ते बदलून 'त्यू', म्हणजे 'तू' केलं. इंग्रजांची गत आणखी मजेशीर झाली. त्यांचं जुनं एकेरी 'दाउ' रोजच्या बोलण्यातून गेलं आणि फक्त देवळात उरलं, म्हणून लोकांना ते भारी आदराचं वाटू लागलं. १९५२च्या सुधारित बायबलने माणसांसाठी ते काढून टाकलं, देवासाठी ठेवलं. १९८९च्या आवृत्तीने देवासाठीही काढलं. जवळिकीचा शब्द सोवळ्यात ठेवून ठेवून त्यांनी घालवला. मराठी 'तू' अजून चुलीपाशी जिवंत आहे, आणि त्याला 'आपण'चा कोट चढवायला निघालेले लोक फ्रेंच ज्या वाटेने परत आले तिच्यावरून उलटे चालले आहेत.

या तक्रारीत एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती बाजूला सारणं लबाडीचं होईल. नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती घरं मोठ्या संख्येने पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजातली. या घरांतल्या म्हाताऱ्यांना गावातलं शेंबडं पोरही एकेरीत हाक मारायचं. नावापुढे राव नाही, जी नाही, साहेब नाही. ज्या समाजाने 'अरे' हा शब्द पाठीवर फटक्यासारखा सोसला, त्याला आपल्या प्रभूसाठी 'म्हणाले' हवंसं वाटणं हा निव्वळ हट्ट नाही. त्यामागे जखम आहे. पण त्या जखमेवरचा इलाज माणसांच्या बोलीत आहे. नामदेवला नामदेवराव म्हणा, कोंडाईला कोंडाबाई म्हणा, झाडलोट करणाऱ्या मावशींना 'अहो' म्हणा. तिथे एकवचन ही हिंसा होती आणि बहुवचन हा हक्क आहे. देवाच्या बाबतीत उलटं झालं: ज्याला गावाने देवळाच्या पायरीवरही चढू दिलं नाही, त्याला देवाशी थेट 'तू' म्हणून बोलायला मिळालं, मधला कोणी 'आपण' म्हणवून घेणारा न ठेवता. ते परत देऊन टाकायचं?

याच नगरमध्ये हे 'तू' आणखी पुढे गेलं. अमेरिकन मराठी मिशन इथे आलं १८३१ साली. 'ज्ञानोदय' इथेच १८४२ साली सुरू झालं. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत गीतं रचली. त्यातल्या कितीकांची चाल पाश्चात्य, शब्द मराठी, आणि दोघांचं एकमेकांत लक्ष नाही, असा प्रकार. मग कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले, तेव्हा ख्रिस्ताशी बोलण्याची भाषाच पालटली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांनी ख्रिस्ताला गुरू म्हटलं आणि त्याच दमात आई म्हटलं. बाहेरच्यांना हे धाडस वाटलं. मराठी व्याकरणाच्या बाजूने पाहिलं तर टिळकांनी फक्त सर्वनामात दडलेलं नातं नामात आणलं. पित्याला ज्या शब्दाने हाक मारायची तो आईचा शब्द होता. टिळकांनी तो ओळखला.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो वेगळ्या गोटातून येतो. हे सगळे शब्द उसने आहेत, असं हा गोट म्हणतो. अभंग, कीर्तन, माउली, सद्गुरू, भजन हे हिंदू शब्द. त्यांच्यासोबत हिंदू कल्पना चोरपावलांनी आत येतात. ख्रिस्ती भाषा धुऊन स्वच्छ केली पाहिजे. या मताला मोठ्या माणसाचा आधार आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं घालवून हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून जे मराठी बायबल केलं, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर आलं, त्यामागे दोन हेतू होते. एक, साध्यासुध्या बायकांना कळेल अशी मराठी लिहायची. दुसरा, वेदान्त आणि पुराणांचा वास असलेले संस्कृत शब्द टाळायचे. ज्या बाईला लहानपणापासून पुराणं मुखोद्गत होती, तिला कुठला शब्द कुठलं भूत घेऊन येतो हे मिशनऱ्यांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्यांच्याशी वाद घालताना आवाज खाली ठेवावा लागतो.

तरी वाद घालायला हवाच. पहिला हेतू थोर होता आणि त्यात रमाबाई काळाच्या पुढे होत्या. दुसऱ्याची गोष्ट वेगळी, आणि तिच्याविरुद्ध पहिला साक्षीदार म्हणून तरुण रमाबाईंनाच उभं करता येतं. इंग्लंडमध्ये वाँटेजला असताना त्यांना घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द होते. रमाबाई अडून बसल्या: आपल्याला न कळणारी लॅटिनच का, संस्कृत का नको? संस्कृतपेक्षा लॅटिन जास्त पवित्र कशावरून ठरली? हा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर नव्हतं. चाळीसेक वर्षांनी त्यांनी ज्या संस्थेतून हे भाषांतर पूर्ण केलं तिचं नाव होतं मुक्ती. या शब्दाइतका तत्त्वज्ञानाचा भार वाहिलेले शब्द मराठीत मोजकेच असतील. रमाबाईंनी तो टाकला नाही. तो त्यांनी दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या जेवणाखाण्याला, छापखान्याला, शाळेला जोडला, आणि त्यांच्या, दौंड तालुक्यातल्या केडगावच्या पंचक्रोशीत मुक्ती म्हणजे मोक्ष हा अर्थ मागे पडून मुक्ती म्हणजे ती जागा, असा अर्थ झाला. शब्दाला धुऊन काढायला साबण लागत नाही, वापर लागतो. रमाबाईंनी हे करून दाखवलं होतं, आणि भाषांतर करताना बहुधा त्यावर त्यांचा विश्वास राहिला नाही.

शिवाय धुवायचं कुठवर? 'आत्मा' काढणार? त्याच्याइतका वेदान्ती शब्द नाही. 'कृपा', 'पाप', 'स्वर्ग', 'उपासना', आणि शेवटी खुद्द 'देव' आणि 'परमेश्वर'? जुन्या मराठी बायबलात 'यहोवा' हे नाव होतं. पुढे त्या जागी 'परमेश्वर' आलं. परमेश्वर हा शब्द उपनिषदांतून आणि पुराणांतून हिंडून आलेला आहे, आणि नगरच्या ख्रिस्ती म्हातारीला तो हिंडलेला शब्द 'यहोवा'पेक्षा जास्त आपला वाटतो. चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात देवाला 'शांगदी' म्हणायचं की 'शेन' यावरून मिशनऱ्यांत एवढी जुंपली, की शेवटी दोन वेगळ्या आवृत्त्या छापाव्या लागल्या, आणि त्या आजही मिळतात. शुद्ध शब्द शोधायला निघालेल्यांच्या हाती बहुधा असंच काहीतरी लागतं.

धुणाऱ्यांच्या बरोबर उलट टोकाला आणखी एक गट उभा आहे. त्याचं म्हणणं: अभंग आणि माउली आमची, तुम्ही ती वापरता ते लोकांना फसवण्यासाठी. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे, की शब्दांचा सातबारा असतो आणि त्यावर एकाच धर्माचं नाव असतं. मलेशियात हा सातबारा थेट न्यायालयात गेला होता. तिथल्या कॅथलिक साप्ताहिकाने देवासाठी 'अल्लाह' शब्द वापरू नये असा निकाल २०१३ साली अपील न्यायालयाने दिला. मराठीत अजून तशी वेळ आलेली नाही. येऊ नये म्हणून इतिहास थोडा नीट वाचलेला बरा.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं आहे. प्रचलित मतानुसार तुकारामांचा जन्म १६०८चा; म्हणजे हा ग्रंथ बाहेर आला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मराठीत ख्रिस्ताबद्दल बोलणं हे इंग्रजी राज्याबरोबर आलेलं नाही, ते तुकोबांच्या अभंगाआधीचं आहे. आणि त्यासाठी गोव्यालाही जायची गरज नाही. याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांची समाधी आहे. मुसलमान घरात जन्मलेल्या या संताने सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तो मराठी ओवीत, योगाच्या आणि भक्तीच्या परिभाषेत. त्यांना कोणी विचारलं नाही, की ओवी तुमच्या नावावर आहे का?

'माउली' या एका शब्दाचा प्रवास पाहायचा तर जिल्ह्याचा नकाशा पुरतो. नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवरचं आपलं भाष्य सांगितलं. पुढे वारकऱ्यांनी त्यांना माउली केलं, म्हणजे एका तरुण पुरुषाला आई म्हटलं. तिथून फार लांब नाही, श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. तिथे दर सप्टेंबरात मरियेची यात्रा भरते. बांद्र्याला ती मोतमाउली, हरेगावला मतमाउली. गावोगावच्या दिंड्या पायी येतात. रांगेत नवस बोललेल्या बायका, हातात मेणबत्त्या, कडेवर पोरं. त्यांत कितीतरी ख्रिस्ती नसलेल्या. त्यांना 'धन्य कुमारी' म्हणा म्हटलं तर त्या थबकतील. 'माउली' म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं, एकेरीत, भांडणासकट. हा शब्द कोणी कोणाचा चोरला? वारीतल्या माणसाला विचारलं, तर तो विचारणाऱ्यालाच 'माउली' म्हणून मोकळा होईल.

उसने शब्द टाळण्याच्या नावाखाली सध्या जे घडतं आहे ते पाहिलं की धुणाऱ्यांची कीव येते. अभंग नको म्हणणाऱ्या सभांमध्ये 'प्रेज द लॉर्ड' चालतं, 'जय ख्रिस्त' मागे पडतं. पेटी-तबला जाऊन कीबोर्ड येतो आणि त्याच्याबरोबर 'वर्शिप', 'अनॉइंटिंग', 'टेस्टिमनी'. इंग्रजीला धर्म नसतो अशी काहीतरी समजूत असावी. खरं तर इंग्रजीचा 'गॉड' हा शब्दही ख्रिस्ताआधीच्या जर्मानिक लोकांनी आपल्या देवदेवतांसाठी वापरलेला. म्हणजे विठोबाच्या अंगणातला शब्द नको म्हणून वोडनच्या अंगणातला आणायचा.

मराठीने घडवलेले काही शब्द तर जगाला हेवा वाटावा असे आहेत, आणि तेच सगळ्यात आधी टाकले जातात. 'मंडळी' घ्या. चर्च म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. मंडळी म्हटलं की माणसं. 'काय मंडळी, जेवलात का?' असं ज्या शब्दाने विचारतात, आणि ज्या शब्दाने जुन्या पिढीतला नवरा लाजत बायकोचा उल्लेख करायचा, 'आमची मंडळी', तो शब्द ख्रिस्ताच्या अनुयायांच्या समुदायाला लागला. मूळ ग्रीक 'एक्लेसिया'चा अर्थही जमलेले लोक असाच आहे. नवऱ्याची ती 'आमची मंडळी' ऐकल्यावर, मंडळी ही ख्रिस्ताची वधू आहे हे पौलाचं म्हणणं मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

किंवा 'वधस्तंभ'. कॅथलिक 'क्रूस' म्हणतात, तो पोर्तुगीजांकडून आला, आणि सुटसुटीत आहे. प्रोटेस्टंटांनी 'वधस्तंभ' लावून धरला. शब्द जड आहे, लहान मुलांच्या तोंडात बसत नाही, आणि आडव्या लाकडाचा त्यात पत्ताही नाही. पण त्याच्यात एक गोष्ट आहे जी 'क्रूस'मधून केव्हाच निघून गेली. क्रूस सोन्याचा करून गळ्यात घालता येतो. सोनाराच्या दुकानात जाऊन 'एक तोळ्याचा वधस्तंभ दाखवा' असं म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे. वध हा वधच राहतो. गळ्यातला क्रूस आणि पुस्तकातला वधस्तंभ हे दोन्ही शब्द राहावेत. एकाने दुसऱ्याला गिळू नये.

पुन्हा 'म्हणाला'कडे. समजा सगळे युक्तिवाद हरले आणि बहुवचनवाल्यांचं ऐकायचं ठरलं. मग गीतपुस्तकाचं काय करायचं, हे त्यांनी सांगावं. मराठी मंडळ्यांत गायल्या जाणाऱ्या 'उपासना संगीता'त टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे, आणि त्यातल्या कितीतरी अभंगाच्या वळणाच्या. मोठ्या अभंगाचा हिशेब ठरलेला: पहिले तीन चरण सहा सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. 'तू' हे एक अक्षर. 'तुम्ही' दोन. 'आपण' तीन, आणि त्याच्यामागून क्रियापदही लांबत येतं: 'ये'चं 'यावे', 'दे'चं 'द्यावे'. कुणा सुधारकाने रविवारी संध्याकाळी पेटी पुढे घेऊन एखाद्या अभंगातल्या प्रत्येक 'तू'च्या जागी 'आपण' बसवून पाहावं. पहिले तीन चरण ओढूनताणून निघतील. चौथ्यात चारच अक्षरं आहेत. तीन 'आपण'ने घेतली, की देवाकडे जे मागायचं त्यासाठी एक उरतं.